ब्रॉयलरच्या खाद्यात अर्कतेल: काय आधी करायचं, काय नंतर आणि कुठे चुकतं

नवापूरपासून रावेरपर्यंत ब्रॉयलर करणाऱ्यांचा एकच प्रश्न सारखा कानावर येतो: "भाऊ, ओव्याचं तेल टाकलं, निलगिरी टाकली, तरी मरतूक का थांबत नाही?" खोलात विचारलं की गोष्ट बहुतेक तीच निघते. विसाव्या दिवशी पातळ संडास दिसली, कुणीतरी बाटली सुचवली, ती टाकीत ओतली, चार दिवस शेडभर वास दरवळला आणि मग पक्षी मरतच राहिले.

अर्कतेल, म्हणजे ओवा, दालचिनी, लवंग अशा वनस्पतींतून काढलेलं वासाचं तेल, हा निरोगी पिल्लाच्या खाद्यातला घटक आहे. पक्षी लवकर वाढावेत म्हणून खाद्यात घालतात ते अँटिबायोटिक काढून त्याच्या जागी हे तेल आणायचं, त्यासाठी हा लेख. आजारी लॉटवर मारायचं औषध म्हणून ते चालत नाही. थायमॉल, कार्व्हाक्रॉल, सिनामाल्डिहाइड, युजेनॉल हे त्यातले मुख्य घटक जिवाणूच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात आणि पक्ष्याचे पाचक रस थोडे वाढवतात. आतड्यात घाण जिवाणू आधीच माजले असतील, तर खाद्यातल्या एवढ्याशा मात्रेने ते हटत नाहीत. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. दुसरी सोडून पाचवीवर उडी मारली तर तेलाचे पैसे वाया जातील.

१. खाद्य कुणाच्या हातात आहे?

करारावर पक्षी पाळत असाल तर पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं आणि तुमचा फक्त पालन खर्च. अशा वेळी कंपनीच्या खाद्यात स्वतःहून काहीही मिसळू नका. त्यात अर्कतेल आधीच असू शकतं. दुप्पट मात्रा झाली तर पक्षी खाद्य कमी खातात आणि एफसीआर (किलोभर वजनासाठी लागलेलं खाद्य) बिघडल्याचं खापर तुमच्यावर फुटतं. सुपरवायझरला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर मेसेजवर घ्या: खाद्यात वाढीसाठीचं अँटिबायोटिक आहे का, रक्ती हगवणीविरुद्धचं कॉक्सिडिओस्टॅट कोणतं आहे, आणि अर्कतेल किंवा आम्ल आहे का. करारवाल्यांना या लेखातली दुसरी, आठवी आणि नववी पायरी पुरते.

स्वतः मका-सोयाबीन ढेप घेऊन मॅश (दळलेलं खाद्य) बनवणाऱ्यांना पूर्ण लेख लागू आहे.

इशारा: गोदामात जुन्या पुड्या, प्रिमिक्सच्या (खाद्यात मिसळायच्या तयार मिश्रणाच्या) पिशव्या असतील तर घटकांची यादी वाचा. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक दिसलं तर ती पिशवी वापरू नका. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर भारतात जुलै २०१९ पासून बंदी आहे.

२. लॉट येण्याआधीचे पंधरा दिवस

तेलाचं यश निम्म्याहून जास्त इथे ठरतं, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते. वाढीसाठीचं अँटिबायोटिक शेडमधल्या अनेक चुका झाकून ठेवतं. ते काढलं की ओली गादी (जमिनीवरचा तुसाचा किंवा भुशाचा थर), घाण पाइप, थंडी लागलेलं पिल्लू सगळं एकदम उघडं पडतं, आणि दोष मात्र तेलाला दिला जातो.

*रिकामा काळ.* एक लॉट गेल्यावर किमान १४ दिवस शेड रिकामं ठेवा. जुनी गादी पूर्ण उचलून शेडपासून लांब न्या. "वरची वरची काढली, खालची चांगली होती" हे अँटिबायोटिकवर चालून जात होतं, आता चालणार नाही.

*पाणी.* खानदेशात बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड आहे. एकदा प्रयोगशाळेतून सामू, टीडीएस (विरघळलेले क्षार), जडपणा आणि ई. कोलाय तपासून घ्या. नमुना बोअरवरून एक आणि शेवटच्या निपलवरून (पक्षी पाणी पितात त्या तोटीवरून) एक, असे दोन घ्या. बोअरचं पाणी स्वच्छ आणि निपलचं खराब निघालं, तर पाइपात आतून चिकट थर साचलाय. लॉट नसताना हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं पाइप-क्लीनर लेबलवरच्या मात्रेने रात्रभर भरून ठेवा आणि सकाळी जोरात पाणी सोडून धुवा. सामू ८ च्या वर असेल तर क्लोरीन नीट काम करत नाही. आधी आम्ल देऊन सामू ६ ते ६.५ च्या आसपास आणा, मग क्लोरीन. शेवटच्या निपलवर २ ते ३ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) क्लोरीन मिळालं पाहिजे. पट्टीने मोजा, वासावर जाऊ नका.

*गादी.* नवापूर, नंदुरबारकडे भाताचं तूस सहज मिळतं. जळगाव-धुळ्याकडे शेंगांची टरफलं किंवा लाकडाचा भुसा. टरफलं वापरायची तर कोरडी आणि बुरशी नसलेली घ्या. पावसात भिजलेल्या टरफलांतली बुरशी थेट पिल्लाच्या फुप्फुसात जाते. गादीचा थर २ ते ३ इंच ठेवा.

*ब्रुडिंग.* डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली उतरतो. पिल्लं येण्याआधी २४ तास ब्रूडर सुरू करा, म्हणजे जमीनसुद्धा तापते. पहिल्या दिवशी पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३४ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी.

तपासणी: पिल्लं सोडल्यावर २४ तासांनी शंभर पिल्लांची पिशवी, म्हणजे गळ्याखालचा खाद्याचा कप्पा, बोटांनी चाचपा. ९५ पिल्लांची भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. कमी असेल तर ऊब, उजेड किंवा पाणी यांपैकी काहीतरी चुकलंय. ते आधी नीट करा. सातव्या दिवशी वजन पहिल्या दिवसाच्या चौपट तरी हवं. तिथे मागे पडलेल्या लॉटला पुढे कुठलंही तेल ओढून आणत नाही.

३. तेल विकत घेताना

बाजारात तीन प्रकार दिसतात: शुद्ध द्रव तेल, सिलिकासारख्या वाहकावर शोषलेली भुकटी, आणि चरबीच्या किंवा तत्सम आवरणातले दाणे.

उघडं तेल बहुतांशी आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं. त्रास देणारे जिवाणू मात्र खालच्या आतड्यात असतात. आवरण असलेले दाणे तिथपर्यंत पोचतात, म्हणून माझा कौल त्यांना. महाग असतात हे खरं, पण उघडं तेल मे महिन्यातल्या पत्र्याच्या गोदामात निम्मं उडूनही जातं, तो तोटा कुणी मोजत नाही. खाद्य पेलेट (दाबून गोळ्या) करून घेत असाल तर आवरणवाला प्रकारच घ्या. पेलेट मिलमध्ये वाफेने खाद्य ७५ ते ८५ अंशांपर्यंत तापतं आणि उघडं तेल वाफेबरोबर निघून जातं.

लेबल वाचताना नावापेक्षा आकड्याकडे बघा. "दालचिनी, लवंग, ओवा, पुदिना यांचे अर्क" असं लिहिलेलं असतं, पण सक्रिय घटक किती टक्के ते नसतं. तो आकडा आणि त्या खेपेचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल विक्रेत्याकडे मागा. देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा. मग किलोच्या भावाऐवजी सक्रिय घटकाचा भाव काढा. समजा एक भुकटी ५०० रुपये किलो, ५ टक्के सक्रिय. दुसरी १,२०० रुपये किलो, २० टक्के सक्रिय. पहिलीत १ किलो सक्रिय घटक १०,००० रुपयांना पडतो, दुसरीत ६,००० रुपयांना. स्वस्त दिसणारी महाग पडली.

द्रव तेल घेतलंच तर त्याचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून सावलीत एक दिवस ठेवा. शुद्ध अर्कतेल जवळजवळ उडून जातं. तेलकट डाग तसाच राहिला तर त्यात खाद्यतेल मिसळलेलं आहे. ही चाचणी भेसळीचा एकच प्रकार पकडते. स्वस्त विद्रावक घातलेलं तेल तिला चकवू शकतं, म्हणून अहवाल लागतोच. पूजेच्या दुकानातलं, मालिशचं किंवा अत्तराचं तेल पक्ष्यांसाठी नाही.

"घरचा ओवा दळून घातला तर?" हे हमखास विचारलं जातं. गणित करून बघा. ओव्यात तेल साधारण २ ते ४ टक्के आणि त्या तेलात थायमॉल साधारण ३५ ते ६० टक्के. म्हणजे १ किलो ओव्यात जेमतेम १५ ग्रॅम थायमॉल. टनाला १०० ग्रॅम थायमॉल हवं तर जवळपास ७ किलो ओवा लागेल, आणि तोही प्रत्येक पोत्यात वेगळा निघेल. करायला हरकत नाही, फक्त मात्रा माहीत आहे असं समजू नका.

इशारा: शुद्ध तेल कातडी आणि डोळे भाजतं. दालचिनीचं तेल तर हमखास. हातमोजे आणि चष्मा घालूनच बाटली उघडा, आणि ती पोरांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. साठवण घट्ट झाकणाच्या गडद काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यात, घरातल्या थंड खोलीत. शेडच्या पत्र्याखाली नाही.

४. अँटिबायोटिक काढण्याचा क्रम

इथली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच दिवशी सगळं बंद करणं. वाढीसाठीचं अँटिबायोटिक आणि कॉक्सिडिओस्टॅट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीएमडी, एनरामायसिन, टायलोसीन, सीटीसी ही पहिल्या गटातली. सॅलिनोमायसिन, मॅडुरामायसिन ही दुसऱ्या. उत्साहाच्या भरात दोन्ही काढली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण येते, आतड्याला जखमा होतात आणि त्या जखमांवर क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणू बसतात. मग मरतूक एकदम वर जाते. कॉक्सिडिओस्टॅटला हात लावू नका.

क्रम असा ठेवा.

पहिला लॉट: काहीही बदलू नका, फक्त लिहा. आठवड्याचं वजन, रोजची मरतूक, खाद्य, पाणी. या नोंदीशिवाय पुढे तुलना कशाशी करणार?

दुसरा लॉट: शेडच्या मध्ये जाळी लावून दोन भाग करा. एका भागात नेहमीचं खाद्य, दुसऱ्यात अँटिबायोटिक काढून अर्कतेल. पिल्लं एकाच हॅचरीची, एकाच गाडीतली हवीत. खाद्याचे ड्रम दोन रंगांचे ठेवा, नाहीतर गडी घाईत एकाचं खाद्य दुसरीकडे टाकतो आणि महिनाभराचं काम पाण्यात. आपल्याकडे शेड पूर्व-पश्चिम लांब बांधतात. मध्ये जाळी लावली की पश्चिमेच्या टोकाला दुपारनंतरचं ऊन जास्त लागतं. म्हणून तिसऱ्या लॉटला बाजू बदला. दोन्ही वेळी तेलाचा भाग बरोबरीत किंवा पुढे राहिला तरच पूर्ण शेडवर जा.

*कोणत्या महिन्यात?* पहिला प्रयोग पावसाळ्यात नको. जून ते सप्टेंबर गादी ओली राहते आणि रक्ती हगवणीचा जोर असतो. भर उन्हाळाही नको. पारा ४३-४४ वर असताना पक्षी उष्णतेनेच मरतात, त्यात तेलाचं काही कळत नाही. ऑक्टोबरचा लॉट किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आलेली पिल्लं, जी मार्चच्या मध्यापर्यंत निघतात, ही वेळ साधा.

५. मात्रा ठरवणं आणि मिसळणं

थायमॉल-कार्व्हाक्रॉलवरच्या चाचण्या बहुतेक प्रति किलो खाद्यात ५० ते २०० मिलिग्रॅम सक्रिय घटकाच्या पट्ट्यात झालेल्या आहेत. तुमच्या उत्पादनाची लेबलवरची मात्रा हीच सुरुवात. ती टनाला २०० ग्रॅम असेल आणि सक्रिय घटक २५ टक्के, तर टनाला ५० ग्रॅम सक्रिय, म्हणजे किलोला ५० मिलिग्रॅम पडले. "थोडं जास्त टाकू, लवकर गुण येईल" असं करू नका. उग्र वासाने खाद्य खाणं घटतं, आणि ते नुकसान तेलाच्या फायद्यापेक्षा मोठं असतं.

टनभर खाद्यात २०० ग्रॅम भुकटी म्हणजे पाच हजारांत एक भाग. ती थेट मिक्सरमध्ये ओतली तर एका घमेल्यात भरमसाट जाते आणि दुसऱ्यात काहीच नाही. म्हणून टप्प्याटप्प्याने वाढवा:

१. २०० ग्रॅम भुकटी १ किलो बारीक दळलेल्या मक्यात घालून बादलीत हाताने पाच मिनिटं कालवा. हातमोजे विसरू नका.
२. त्यात आणखी ४ किलो मका घाला, पुन्हा कालवा.
३. मग २० किलो मका. आता तुमच्याकडे २५ किलोचं एक पोतं तयार झालं, त्यात भुकटी सारखी पसरलेली आहे.
४. मिक्सरमध्ये आधी निम्मा मका, मग सोयाबीन ढेप, मग हे पोतं आणि प्रिमिक्स, शेवटी उरलेला मका.
५. उभा मिक्सर असेल तर १२ ते १५ मिनिटं, आडवा असेल तर ३ ते ५ मिनिटं फिरवा. खाद्यतेल सगळ्यात शेवटी, बारीक धारेने सोडा. ते आधी ओतलं तर गोळे होतात आणि भुकटी गोळ्यात अडकते.

अर्कतेलाची भुकटी, कोलिन क्लोराइड आणि खनिजमिश्रण एकाच बादलीत कालवून दिवसेंदिवस ठेवू नका. दाटीत ती एकमेकांना खराब करतात, जीवनसत्त्वांचीही वाट लागते. मिक्सरमध्ये जातानाच त्यांची गाठ पडू द्या.

मक्याबद्दल एक बाजूची गोष्ट, पण महत्त्वाची. परतीच्या पावसात भिजलेला मका स्वस्त मिळतो म्हणून भरून ठेवला जातो. ओलावा १२ ते १३ टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी धरतेच. ॲफ्लाटॉक्सिनने यकृत खराब झालेल्या पक्ष्याला अर्कतेल वाचवत नाही. मका दाताखाली कट्कन फुटला पाहिजे हा जुना अंदाज ठीक आहे, पण आर्द्रतामापक फार महाग राहिलेला नाही.

तपासणी: वर्षातून एकदा तरी मिक्सरची परीक्षा घ्या. एका घाण्यातून दहा ठिकाणचे नमुने वेगळ्या पिशव्यांत भरा आणि प्रयोगशाळेत मिठाचं प्रमाण काढून घ्या. दहा आकड्यांतला फरक, तिथले लोक ज्याला सीव्ही म्हणतात, १० टक्क्यांच्या आत हवा. मीठच सारखं पसरत नसेल तर त्याहून कमी घातलेलं तेल कुठून पसरणार?

मॅश एका वेळी दहा दिवसांचंच बनवा, एप्रिल-मेमध्ये आठवड्याचं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

६. पहिल्या दिवसापासून लिफ्टिंगपर्यंत (विक्रीसाठी पक्षी उचलेपर्यंत)

तेल प्रीस्टार्टरपासून, म्हणजे पिल्लांच्या पहिल्या खाद्यापासून, सुरू करा आणि मध्ये खंड पाडू नका. संडास बिघडल्यावर सुरू केलेलं तेल उशिराच सुरू झालेलं असतं.

खाद्य बदलताना, म्हणजे प्रीस्टार्टरवरून स्टार्टर आणि स्टार्टरवरून फिनिशर, तीन दिवस मिसळून द्या. पहिल्या दिवशी तीन भाग जुनं आणि एक भाग नवं, दुसऱ्या दिवशी निम्मं-निम्मं, तिसऱ्या दिवशी एक भाग जुनं आणि तीन भाग नवं. एकदम बदललं की आतडं बिघडतं, आणि अँटिबायोटिकचा आधार आता नाही.

सतरावा ते अठ्ठाविसावा दिवस हा सगळ्यात नाजूक काळ. या दिवसांत रोज सकाळी शेडमध्ये गेल्यावर पक्ष्यांकडे बघण्याआधी खाली बघा. विष्ठेत न पचलेला मका, नारिंगी चिकट पदार्थ, रक्ताचा ठिपका, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गादीची मूठ आवळून बघा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओली, हळूहळू फुटला तर योग्य, गोळाच झाला नाही तर कोरडी आणि धुळीची. निपलखालची ओली गादी रोज उचलून कोरडं तूस टाका. पडदे बंद ठेवून डोळ्याला झोंबणारा अमोनिया साठवायचा आणि खोकल्यासाठी निलगिरी-पुदिना फवारायचा, हा उलटा कारभार हिवाळ्यात बरेच जण करतात. पडदा वरून वीतभर उघडा, गरम दूषित हवा वरूनच निघते.

लसीकरण नेहमीप्रमाणेच. मानमोडीची पहिली लस ५ ते ७ दिवसांत डोळ्यात, गंबोरोची १२ ते १४ दिवसांत, मानमोडीचा दुसरा डोस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. नेमके दिवस तुमच्या भागातल्या पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. तेल खाद्यात चालू असेल तर ते लसीसाठी थांबवायची गरज नाही. पाण्याची गोष्ट वेगळी आहे.

७. पाण्यातून द्यायचं असेल तर

पाण्यातून देणं सोपं वाटतं, म्हणून सगळे तिकडेच वळतात. माझं मत उलटं आहे: मुख्य मात्रा खाद्यातूनच द्या, पाण्यातून फक्त ताणाच्या दोन-तीन दिवसांत, जसं की वाहतुकीनंतर किंवा खाद्य बदलताना. तेल पाण्यात विरघळत नाही. साध्या तेलाची बाटली टाकीत ओतली की ते वर तरंगतं, पहिल्या ओळीतल्या पक्ष्यांना उग्र पाणी जातं आणि मागच्यांना नुसतं पाणी. रबरी वॉशर फुगतात, निपल गळायला लागतात, गादी ओली होते. म्हणजे ज्या हगवणीसाठी तेल आणलं तिलाच आमंत्रण.

तपासणी: पाण्यात मिसळणारं म्हणून विकलेलं उत्पादन आधी बाटलीत तपासा. पारदर्शक बाटलीत तुमच्याच बोअरचं पाणी घ्या, लेबलप्रमाणे तेल घाला, हलवा आणि सहा तास ठेवा. वर तेलाचं कडं दिसलं तर ते पाइपात घालू नका. जड पाण्यात काही मिश्रणं फाटतात, म्हणून ही चाचणी बिसलरीवर करून उपयोग नाही.

तेल आणि क्लोरीन एकाच टाकीत नको. क्लोरीन फिनॉल गटातल्या घटकांवर चढतं, दोन्ही वाया जातात आणि पाण्याला घाण चव येते. पाण्यातून लस द्यायची असेल तर आधीचे ४८ तास आणि नंतरचे २४ तास पाण्यात तेल, क्लोरीन, आम्ल काहीही नको. लसीच्या पाण्यात लिटरला २.५ ग्रॅम स्किम्ड दूध पावडर घाला. तेल दिल्यावर दरवेळी पाइप साध्या पाण्याने धुवा, नाहीतर उरलेल्या अंशावर तोच चिकट थर पुन्हा जमतो.

आता खानदेशातली खास अडचण. लेबल म्हणतं, १,००० लिटर पाण्याला २०० मिली. तीन आठवड्यांचे १,००० पक्षी गारव्यात दिवसाला साधारण २०० लिटर पाणी पितात, म्हणजे ४० मिली तेल पोटात गेलं. मे महिन्यात तेच पक्षी ३५० लिटर पितील. लिटरवर मोजत राहिलात तर ७० मिली गेलं, जवळपास दुप्पट. पक्षी तेच, वजन तेच. शिवाय दुपारी उग्र वासामुळे पाणी थोडं जरी कमी प्यायलं तर उष्माघात ठरलेला. म्हणून एप्रिल ते जून असं करा: दिवसाची मात्रा गारव्याच्या हिशेबाने काढा, वरच्या उदाहरणात ४० मिली. त्यातली २० मिली १०० लिटर पाण्यात सकाळी ६ ते १०, उरलेली २० मिली १०० लिटरमध्ये रात्री ८ नंतर. मधल्या वेळेत फक्त गार, साधं पाणी. टाकीवर ओलं गोणपाट आणि सावली, पाइप उन्हातून गेला असेल तर दुपारी दर तासाला तापलेलं पाणी सोडून द्या.

दिवसाचं पाणी मोजायला टाकीच्या आतून खुणा मारा किंवा मीटर बसवा. पाणी अचानक कमी झालं तर तेल बंद. कारण नंतर शोधा.

८. आजार आला तर

तेल चालू आहे म्हणून डॉक्टरांना बोलवायला उशीर करू नका. मेलेला ताजा पक्षी फाडून बघितला की दिशा कळते: आतड्याच्या टोकाच्या दोन पिशव्यांत रक्त असेल तर रक्ती हगवण, लहान आतडं फुगलेलं आणि आतला पापुद्रा जुन्या टॉवेलसारखा खरखरीत असेल तर क्लॉस्ट्रिडियमचा आजार. पण हे काम पशुवैद्यकाचं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात ताजा पक्षी घेऊन जा, कालचा सडलेला नको.

अँटिबायोटिक द्यावं लागलं तर पूर्ण कोर्स द्या. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबवलं तर जिवाणू पक्के होतात, आणि सगळी खटपट त्यांना पक्कं होऊ न देण्यासाठीच चाललेली आहे. औषध बंद केल्यापासून विक्रीपर्यंतचे लेबलवरचे दिवस पाळा. खाद्यात सॅलिनोमायसिन असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. टायमुलिन हे अँटिबायोटिक त्याच्याबरोबर दिलं गेलं तर पक्ष्यांना विषबाधा होते. आणि औषध दिलेला लॉट "अँटिबायोटिकमुक्त" म्हणून विकायचा नाही.

इशारा: एकाएकी, कारण न कळता ढिगाने पक्षी मरायला लागले तर पक्षी फाडू नका, बाजारात पाठवू नका, शेजारच्या शेडवर जाऊ नका. थेट पशुसंवर्धन विभागाला कळवा. नवापूरने २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये बर्ड फ्लू पाहिला आहे.

९. नोंदी आणि हिशेब

दर आठवड्याला एकाच वेळी, सकाळी खाद्य टाकण्याआधी, प्रत्येक भागातले किमान ५० पक्षी तोला. दारालगतचेच नको, कोपऱ्यांतले, मधले, निपलखालचे असे सगळीकडचे. दाराजवळ हाताला लागतात ते पक्षी बहुतेक सुस्त असतात आणि सरासरी चुकते.

एफसीआर काढताना उरलेलं खाद्य वजा करा. हे विसरलं जातं आणि ज्या भागात पोती शिल्लक राहिली तो उगाच वाईट ठरतो. दोन्ही भाग एका आकड्यात तोलायचे तर जगण्याचे टक्के गुणिले सरासरी वजन, भागिले दिवस गुणिले एफसीआर, आणि येईल त्याला १०० ने गुणा. उदाहरणार्थ ९५ टक्के, २.२ किलो, ४० दिवस, एफसीआर १.६५: ९५ × २.२ = २०९; ४० × १.६५ = ६६; उत्तर साधारण ३१७. एका भागाचा एफसीआर चांगला पण मरतूक जास्त, असं असेल तेव्हा हा आकडा गफलत होऊ देत नाही.

पैशाचा हिशेब त्याहून सोपा आहे. समजा तेलाचा खर्च टनाला ३०० रुपये आणि खाद्य ३८ रुपये किलो. ३०० भागिले ३८ म्हणजे साधारण ८ किलो खाद्य. टनामागे ८ किलो, म्हणजे ०.८ टक्का खाद्य वाचलं तरी तेलाचा खर्च निघाला. १.६५ चा एफसीआर साधारण १.६४ वर आला की झालं. काढलेल्या अँटिबायोटिकचा वाचलेला खर्चही यात धरा, तो बहुतेक जण धरत नाहीत.

दोन लॉटमध्ये काहीच फरक दिसला नाही तर मात्रा वाढवू नका. आधी मिक्सरचा अहवाल बघा, मग साठवण कुठे होती ते बघा, मग उघडी भुकटी वापरत असाल तर आवरणाचे दाणे घेऊन बघा. त्यानंतरही फरक पडला नाही तर ते उत्पादन बंद करा आणि दुसऱ्या घटकांचं मिश्रण पुन्हा जाळी लावून अर्ध्या शेडवर तपासा.